शब्दकोड्यातले आकाश: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खगोलशास्त्राचे मराठी शब्द कोड्यांतून कसे शिकवावेत, याबद्दल शिक्षक, पालक आणि कोडी रचणाऱ्या वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न: सातवीच्या वर्गासाठी नक्षत्रांच्या नावांचे शब्दकोडे केले. 'शततारका'साठी पाच घरे आखली, तर मुले चारच अक्षरे आहेत म्हणून अडून बसली. टाळ्या वाजवून मोजले तरी चारच येतात. 'पुनर्वसू'त चार की पाच, यावरून वर्गात दोन तट पडले. नेमका नियम काय?
(शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, लातूर जिल्हा)

कोड्यात लिहिलेले अक्षर मोजायचे असते, उच्चारलेले नाही. बोलताना आपण 'शततारका'तला पहिला त अर्धा करून पुढच्या ताला जोडतो, म्हणून टाळ्या चार पडतात. लिहिताना मात्र श-त-ता-र-का अशी पाच अक्षरे आहेत, म्हणून घरे पाच. 'नवतारा'चेही तसेच: टाळ्या तीन, घरे चार. टाळ्यांची पद्धत कोड्यासाठी सोडून द्या आणि मुलांना शब्द वहीत सुटा-सुटा लिहायला लावा.

जोडाक्षर कितीही मोठे असले तरी एक घर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग हे सगळे ज्या अक्षराला लागतात त्याच्याच घरात राहतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो त्याच अक्षराचा: पु-न-र्व-सू, घरे चार. आर्द्रा दोन घरांचे, ज्येष्ठा दोन, कृत्तिका तीन, क्रांतिवृत्त चार, उत्तराषाढा पाच. परभाषेतून आलेल्या नावांनाही हाच नियम: न्यूट्रॉन तीन घरे, नेपच्यून चार, पार्सेक तीन.

इंग्रजीसाठी केलेल्या कोडे-यंत्रात मराठी शब्द टाकले तर हमखास बिघडतात, ते याच कारणाने. संगणक 'कृत्तिका' हा शब्द क, ऋकार, त, हलन्त, त, वेलांटी, क, काना असा आठ तुकड्यांत साठवतो. यंत्र ते आठ तुकडे आठ घरांत मांडते आणि मात्रा एकट्या लोंबकळत राहतात. यावर सोपा उपाय म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात प्रत्येक अक्षर हाताने स्वतंत्र घरात टाइप करणे, आणि छापायला देताना पीडीएफ करून देणे. घर 1.2 सेंटिमीटरचे ठेवा. त्याहून लहान घरात र्द्रा, ष्ठा, त्ति ही अक्षरे मुलांना हाताने लिहिता येत नाहीत. एफोर कागदावर दोन्हीकडे दीड सेंटिमीटर समास सोडून आडवी 15 घरे बरोबर बसतात.

प्रश्न: कोडी रचताना ऱ्हस्व-दीर्घामुळे सारखे अडते. 'शनी' आडवा लिहिला की उभ्यात 'नि' लागतो. वृत्तपत्रांतल्या कोड्यांत वेलांटीकडे दुर्लक्ष केलेले दिसते. तसे केले तर चालेल का?
(वाचक, कोल्हापूर)

करमणुकीच्या कोड्यात चालवून घेतात. शब्द शिकवायच्या कोड्यात चालवू नये, कारण मूल जे घरात लिहील तेच उत्तरपत्रिकेत लिहील.

नियम लक्षात ठेवायला आठवड्याचे वार पुरेसे आहेत. शनी, पण शनिवार. गुरू, पण गुरुवार. रवी, पण रविवार. शब्द एकटा असला की शेवट दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. त्याच चालीने क्रांती पण क्रांतिवृत्त, राशी पण राशिचक्र, अशनी पण अशनिपात. संस्कृतातच जे शब्द दीर्घ आहेत ते समासातही दीर्घच राहतात. म्हणून 'अश्विनीकुमार' लिहितो, 'अश्विनिकुमार' नाही. रोहिणी, भरणी, देवयानी ही नावे याच गटातली.

रचनाकाराला याचा उपयोगच होतो. 'शनी'चा नी अश्विनीच्या नीवर बसतो. धनिष्ठेच्या निवर काही बसवायचे असेल तर 'शनिवार' घ्या. एकाच ग्रहाची दोन रूपे हाताशी असतात, त्यांतले छेदाला जुळेल ते निवडायचे.

आणखी एक अडचण पत्रात नाही, पण ती रचताना येतेच. मराठी शब्द ळ किंवा ण पासून सुरू होत नाही. त्यामुळे मंगळ, मूळ, श्रवण, ग्रहण यांच्या शेवटच्या घरातून नवा शब्द काढता येत नाही. हे शब्द चौकटीच्या उजव्या किंवा खालच्या कडेला न्या, म्हणजे तिथे अडणार नाही. शब्दसाखळी खेळतानाही हेच. बुध, धूमकेतू, तारका, कृत्तिका, काक्षी (मृगातला तांबूस तारा), क्षितिज, ज्येष्ठा अशी साखळी सुरेख वाढते (शेवटच्या अक्षराचे व्यंजन धरायचे, मात्रा सोडायची), पण मध्ये कुणी 'मंगळ' म्हणाले की ती तिथेच संपते. तेव्हा आधीच ठरवून घ्यावे: ळ किंवा ण आला तर त्याच्या आधीचे अक्षर धरायचे.

प्रश्न: एका कोड्यात 'पावसाळ्याच्या तोंडावर रात्री आकाशात दिसणारे नक्षत्र' असे सूत्र होते आणि उत्तर 'मृग'. मुलगा म्हणाला, जूनमध्ये मृग दिसतच नाही. कोण बरोबर?
(पालक, नाशिक)

मुलगा बरोबर आहे.

मृगाचा पाऊस म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात असतानाचा पाऊस. 7-8 जूनच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. सूर्य जिथे आहे तो आकाशाचा भाग दिवसा वर असतो, त्यामुळे त्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही. संध्याकाळी मृग पाहायचा तर डिसेंबर ते मार्च. सूर्याला सगळी 27 नक्षत्रे फिरायला एक वर्ष लागते, म्हणजे एका नक्षत्रात तो साधारण साडेतेरा दिवस राहतो. शेतकऱ्याचे पावसाचे सगळे हिशेब या मुक्कामावर आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. या दोन नावांवर बिनचूक सूत्रे होतात आणि ग्रामीण भागातली मुले ती चुटकीसरशी सोडवतात.

चुकीचे सूत्र हे चुकीच्या स्पेलिंगपेक्षा वाईट. घरे भरली गेली की मूल ते वाक्य खरे मानते, आणि पुढे कितीतरी वर्षे ते तसेच डोक्यात राहते. म्हणून ज्या शब्दांची नेहमी गल्लत होते, ते जरा सविस्तर पाहू.

'प्रकाशवर्ष' हे अंतराचे एकक आहे, काळाचे नाही. सूत्रात आकडाच द्या: 'सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर (5)'. म्हणजे 'वर्ष' या शेपटामुळे होणारा घोटाळा टळतो.

'आकाशगंगा' आणि 'दीर्घिका' सरसकट एकमेकांच्या जागी वापरतात. दीर्घिका हे जातीचे नाव, आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाम. जसे नदी आणि गोदावरी. सूत्र असे करा: 'आपली सूर्यमाला जिच्यात आहे ती दीर्घिका (5)'. आणि दुसरे: 'देवयानी ही सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवरची (3)'.

'उल्का' म्हणजे वातावरणात पेटलेल्या कणाची ती प्रकाशरेघ. जो दगड जळून उरतो आणि जमिनीवर पोचतो तो 'अशनी'. लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने झाले. 'उल्कापाताने झालेले सरोवर' हे सूत्र सगळीकडे दिसते, पण नेमका शब्द शिकवायचा तर 'बसाल्टच्या खडकात लोणारचे विवर कोरणारा (3)' असे विचारावे.

'नक्षत्र', 'राशी' आणि 'तारकासमूह' हे तीन वेगवेगळे. चंद्राच्या वाटेचे 27 समान भाग म्हणजे नक्षत्रे, प्रत्येक 13 अंश 20 कलांचे. सूर्याच्या वाटेचे, म्हणजे क्रांतिवृत्ताचे, 12 भाग म्हणजे राशी, प्रत्येक 30 अंशांची. आणि संपूर्ण आकाशाचे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवलेले 88 तुकडे म्हणजे तारकासमूह. शर्मिष्ठा तारकासमूह आहे, नक्षत्र नाही. आपण बोलताना 'शर्मिष्ठा नक्षत्र' म्हणतो ते बोलण्यापुरते ठीक. राशीसाठी एक फार नेटके सूत्र परंपरेतच तयार आहे: 'सव्वादोन नक्षत्रांची एक (2)'. 27 भागिले 12 केले की पटते.

'प्रतियुती' विचारताना ग्रह सांभाळा. पृथ्वीवरून पाहता ग्रह सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आला की प्रतियुती. बुध आणि शुक्र पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरतात, त्यामुळे त्यांची प्रतियुती कधीच होत नाही. सूर्यापासून बुध जास्तीत जास्त 28 अंश आणि शुक्र 47 अंश दूर दिसतो. त्या टोकाच्या अंतराला परम इनांतर म्हणतात. इन म्हणजे सूर्य. 'इनांतर' हा चार घरांचा शब्द कोड्यांत फारसा येत नाही, यायला हवा.

प्रश्न: सूत्रे अगदी पाठ्यपुस्तकी होतात. 'सूर्याभोवती फिरणारा दुसरा ग्रह' वगैरे. त्यात गंमत कशी आणायची?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

आपल्या खगोलाचे बरेच शब्द रोजच्या बोलण्यात दुसऱ्या अर्थाने नांदतात. त्या दोन्ही अर्थांना एकाच सूत्रात आणा.

निवडणुकीआधी पक्षांची, आकाशात ग्रहांची (2): युती.
झाडाचे जमिनीत, वृश्चिकाचे शेपटीत (2): मूळ.
राजवट उलथवणारी, आणि ताऱ्याचे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर (2): क्रांती.
सोबती, शिवाय नरतुरंग तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा (2): मित्र.
कोपरापुढचा, आणि पाच ताऱ्यांचे नक्षत्र (2): हस्त.

पहिल्या अर्थाने शब्द सुचतो, दुसरा अर्थ नवा कळतो. सोडवणारा अडत नाही आणि रिकाम्या हातानेही जात नाही. पाळायचे ते इतकेच की दोन्ही अर्थ शब्दाच्या त्याच रूपाचे हवेत. 'शुक्र' ग्रहासाठी 'आठवड्यातला पाचवा' असे सूत्र चुकते, कारण वार 'शुक्रवार' आहे.

महिन्यांच्या नावांतही असा खजिना आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्याचे नाव: चित्रा-चैत्र, विशाखा-वैशाख, कृत्तिका-कार्तिक, पुष्य-पौष, मघा-माघ. बाराही जोड्या लावायचे कोडे चौथीच्या मुलांनाही जमते. मृगशीर्ष आणि मार्गशीर्ष ही जोडी मात्र शेवटी ठेवा. 'मृग' इतकेच ठाऊक असलेली मुले तिथे थबकतात.

प्रश्न: चौकट प्रत्यक्ष आखायची कशी? आधी शब्द की आधी काळी घरे?
(ग्रंथपाल, रत्नागिरी)

आधी शब्द. ठरावीक विषयाच्या कोड्यात काळी घरे आधी आखली की रिकाम्या जागा भरायला 'अननस', 'कमल' असे पाहुणे येतात आणि विषय पातळ होतो.

प्रथम 20 शब्दांची यादी करा आणि प्रत्येक शब्दापुढे घरांची संख्या लिहा. यादीतला सर्वांत लांब शब्द निवडा, पण नुसती लांबी पाहू नका. ज्यात साधी, मात्रा नसलेली अक्षरे जास्त तो शब्द कण्यासाठी चांगला, कारण न, र, त, द, व ही अक्षरे छेदायला सहज मिळतात. 'ज्येष्ठा'ला छेदणारा शब्द शोधता-शोधता नाकी नऊ येतात. 'शरदसंपात' सहज छेदता येतो.

तोच घेऊन एक छोटी चौकट करू. रुंदी पाच घरे, उंची सहा.

श त ता र का
र ■ ■ ■ ■
द क्षि णा य न
सं ■ ■ ■ व
पा त ■ ■ ता
त ■ ■ हो रा

'शरदसंपात' डाव्या कडेने उभा लिहिला. त्याच्या श वरून आडवी 'शततारका', द वरून 'दक्षिणायन', पा वरून 'पात'. 'दक्षिणायन'च्या शेवटच्या न वरून उभा 'नवतारा' सोडला आणि त्याच्या रा वर आडवा 'होरा' संपवला. सहा शब्द, 19 भरलेली घरे, 11 काळी. दोन शब्द शेजारी-शेजारी समांतर आलेले नाहीत, हे पाहा. ते आले की मधल्या घरांत निरर्थक जोड्या तयार होतात. नवशिक्या रचनाकाराची ही सर्वांत सामान्य चूक.

सूत्रे अशी:

आडवे. 1: कुंभ राशीतले नक्षत्र, नावातच शंभर (5). 2: सायन गणनेने 21 जूनच्या सुमारास सुरू होणारा सूर्याचा प्रवास (5). 4: चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते तो बिंदू, राहू हा एक, केतू दुसरा (2). 5: अहोरात्राचा चोविसावा भाग, म्हणजे अडीच घटका (2).

उभे. 1: सप्टेंबरच्या 22-23 तारखेला सूर्य जिथे विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे वळतो (6). 3: एकाएकी तेजस्वी होऊन काही काळाने पुन्हा मंद होणारा (4).

'दक्षिणायन'च्या सूत्रात 'सायन' हा शब्द मुद्दाम घातला आहे. सायन म्हणजे ऋतूंवरून मोजलेले, निरयन म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून. पंचांगातले निरयन दक्षिणायन कर्क संक्रांतीला, जुलैच्या मध्यावर सुरू होते. नुसते 'दक्षिणायन कधी' असे विचारले तर पंचांग पाहणारे आजोबा आणि भूगोल शिकणारी नात यांची उत्तरे जुळणार नाहीत, आणि दोघेही आपल्या जागी बरोबर असतील.

प्रश्न: जुन्या कोड्यांत 'हर्षल' हा ग्रह येतो. हिंदी कोड्यांत 'अरुण'. आता काय वापरावे?
(ज्येष्ठ वाचक, नागपूर)

आज शाळेत युरेनस (4 घरे) शिकवतात, तेच मुख्य उत्तर ठेवा. 'हर्षल' (3 घरे) चुकीचे नाही. विल्यम हर्शेल यांनी 13 मार्च 1781 रोजी हा ग्रह शोधला, त्यांच्यावरून मराठीत आणि आपल्या पंचांगांत ते नाव रुळले. घरे तीन असतील तर सूत्रात 'पंचांगातले नाव' असे लिहा, की वाद मिटला. 'अरुण' हिंदीतला, मराठी वाचकाला अरुण म्हणजे सूर्याचा सारथी. 'वरुण' हे नेपच्यूनसाठी मराठीतही कधीकधी भेटते. प्लूटोला 24 ऑगस्ट 2006 पासून 'बटुग्रह' म्हणायचे. 'सूर्यमालेतला नववा ग्रह' हे सूत्र जुन्या कोड्यांतून उचलू नका.

प्रश्न: लंडनच्या मराठी शाळेत आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ताऱ्यांची मराठी नावे शिकवायची आहेत. महाराष्ट्रातून आणलेली कोडी चालतील का?
(स्वयंसेवक शिक्षिका)

नावांच्या जोड्या लावायची कोडी चालतील. मुलांना सिरियस ठाऊक असतो, त्याला व्याध जोडायचा. व्हेगाला अभिजित, कॅपेलाला ब्रह्महृदय, आर्क्ट्युरसला स्वाती, स्पायकाला चित्रा, अँटारेसला ज्येष्ठा. एका वेळी सहा जोड्या पुरेत.

कुठे आणि कधी दिसतो, अशी सूत्रे मात्र तपासून घ्या. अगस्त्य तारा खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ 53 अंश दक्षिणेला आहे. मुंबईहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे 18 अंश चढतो. उत्तरेकडे 37 अंश अक्षांशापलीकडे तो उगवतच नाही, आणि लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आहे. 'हिवाळ्यात दक्षिणेला दिसणारा तेजस्वी तारा' हे सूत्र तिथल्या मुलाला व्याधाकडेच नेईल. सप्तर्षींचे उलटे. लंडनहून सातही तारे कधी मावळत नाहीत, तिथे 'बाराही महिने दिसणारे सात (3)' हे सूत्र अचूक आहे. महाराष्ट्रात ते चुकीचे, कारण इथे सप्तर्षी मावळतात.

दोन्हीकडे चालणारे एक आकड्यांचे कोडे देता येईल. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. मुंबईला 19 अंश, लंडनला साडेएक्कावन्न. 'माझ्याकडे 51 अंश, आजीकडे 19, ओळखा कोण (2)'. उत्तर ध्रुव. आजीला फोन लावायलाही हे निमित्त बरे.

प्रश्न: ग्रहणाचे शब्द मुलांना पाठ होतात, क्रम लागत नाही.
(शिक्षक, सोलापूर)

मग कोडे क्रमाचेच करा. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष या पाच चिठ्ठ्या आणि पाच वेळा, इतकेच साहित्य. 7 सप्टेंबर 2025 चे खग्रास चंद्रग्रहण भारतातून पूर्ण दिसले, त्याच्या वेळा घ्या: रात्री 9.57, 11.01, 11.42, 12.23 आणि 1.26. मुलांनी चिठ्ठ्या वेळांपुढे लावायच्या. मग विचारा, चंद्र पूर्ण सावलीत किती वेळ होता? संमीलनापासून उन्मीलनापर्यंत 82 मिनिटे. अर्थ शब्दातच आहे: मीलन म्हणजे मिटणे. चंद्राचा डोळा मिटला ते संमीलन, उघडू लागला ते उन्मीलन. खंडग्रास ग्रहणात हे दोन शब्द लागूच होत नाहीत, कारण डोळा पूर्ण मिटतच नाही. त्या दोन चिठ्ठ्या बाजूला ठेवायला लावणे हेच पुढचे कोडे.

प्रश्न: कोडे उत्साहाने सोडवतात, आठवड्याने शब्द विसरतात. काय चुकते?
(पालक, ठाणे)

बहुधा दोन गोष्टी. एक, नवे शब्द फार असतात. पंधरा शब्दांच्या कोड्यात नवे पाच-सहाच हवेत, बाकीचे ओळखीचे. ओळखीचे शब्द छेदणारी अक्षरे पुरवतात आणि त्यांच्या आधाराने नवा शब्द उलगडतो. सगळेच नवे असले की मुले उत्तरे उतरवून काढतात.

दोन, तोच शब्द पुन्हा भेटत नाही. एका शब्दाला तीनदा आणि तीन रूपांत भेटवा. पहिल्या दिवशी शब्दशोध, म्हणजे दहा बाय दहाच्या अक्षरांच्या जाळीत लपलेला शब्द हुडकणे. इथे फक्त शब्दाचे रूप ओळखीचे होते. दोन-तीन दिवसांनी सूत्रांचे आडवे-उभे कोडे, म्हणजे अर्थ. पुढच्या आठवड्यात मात्रा हरवलेले शब्द, म्हणजे आठवण.

शब्दशोधात एक काळजी घ्या. रिकाम्या घरांत क, म, ल अशी साधीच अक्षरे भरली तर जोडाक्षरे लांबूनच चमकतात, आणि 'त्त' दिसला की मूल वाचल्याशिवाय कृत्तिकेवर गोल करते. भरतीच्या दर पाच अक्षरांत एक जोडाक्षर टाका: त्र, ष्ठ, र्घ, क्ष. शब्द आडवे, उभे आणि तिरपे ठेवा. उलटे, उजवीकडून डावीकडे, लहान मुलांसाठी ठेवू नका. मात्रांसकट उलटे वाचणे त्यांना जड जाते आणि शिकणे काहीच होत नाही.

अक्षरांची अदलाबदल हा इंग्रजीतला लाडका प्रकार मराठीत तितका रंगत नाही. तीन अक्षरांच्या 'रेवती'चे सहाच क्रम होतात, मूल चौथ्या प्रयत्नाला पोचते. त्याऐवजी मात्रा, उकार, वेलांट्या, ऋकार, अनुस्वार सगळे काढून टाका आणि जोडाक्षरे तशीच ठेवा. 'अनरध' म्हणजे अनुराधा. 'पनर्वस' म्हणजे पुनर्वसू. यात ऱ्हस्व-दीर्घाचाही सराव आपोआप होतो. फक्त दोन शब्दांचा सांगाडा एकच होतो का, ते बघा. तसे असेल तर जोडीला सूत्र द्यावेच लागते.

शिवाय एक कोडे कागदावरून गच्चीवर न्या. सप्तर्षींचे सात ठिपके काढा आणि सात नावे बाजूला लिहा. चौकोनाच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत क्रम: क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा, वसिष्ठ, मरीची. पुलहापासून क्रतूकडे रेघ काढून ती त्याच दिशेने साधारण पाचपट लांबवली की ध्रुव. वसिष्ठाशेजारी अरुंधतीचा बारीक ठिपका आठवा म्हणून कुणी स्वतःहून काढला, तर त्याला एक गुण जास्त. एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास हे सगळे उत्तरेला उंचावर दिसते. मुलांनी आधी कागदावर नावे लिहावीत, मग कागद हातात घेऊन वर पाहावे.

मात्रा हरवलेले शब्द: सोडवून पाहा

1. धनष्ठ
2. दवयन
3. दर्घक
4. कत्तक
5. वषपर्व
6. अशन
7. क्रत (दोन उत्तरे: एक ऋषी, एक अंशांत मोजायचे अंतर)

उत्तरे: 1. धनिष्ठा 2. देवयानी 3. दीर्घिका 4. कृत्तिका 5. वृषपर्वा (एक तारकासमूह) 6. अशनी 7. क्रतू, क्रांती